बाण हरवला ती दुपार

सिरसाळ्यात बाजाराच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्यातल्या लॅपटॉपचं वय विचारू नका. चालू केला की त्याचा पंखा असा ओरडतो, की शेजारचा गिरणीवाला दळण थांबवून बघायला येतो, आपलीच गिरणी बंद करायची राहिली का म्हणून. सातबारा, जातीचे दाखले, पीक विमा, नोकरीचे अर्ज, सगळं त्याच्यावरच. अर्धा तालुका त्या लॅपटॉपमधून जन्माला आलाय आणि उरलेला अर्धा त्यातून पेन्शनीवर गेलाय. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. आता दुकान दहा बाय आठचं. त्यात मावेल इतकं कमी करूनच मी सांगतो, एवढं फक्त नमूद करून ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी नुकतंच शटर उचललं होतं, आणि एक बाई दुकानात आली. कडेवर दोन वर्षांची धाकटी, मागं शाळेच्या गणवेशातली थोरली. थोरलीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि ती पिशवी तिनं पोटाशी अशी धरली होती की कुणी हिसकावायलाच बसलंय.

"भाऊ, हिचं वसतिगृहाचं नक्की करायचंय," बाई म्हणाली. "मास्तर म्हनले, आज पाचपर्यंतच हाय."

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी तालुक्याच्या गावाला वसतिगृह आहे. पोरीचं नाव यादीत लागलं होतं. पण यादीत लागून भागत नाही. संकेतस्थळावर जाऊन 'मला जागा पाहिजे' असं शेवटचं बटण दाबावं लागतं. पाचच्या आत दाबलं नाही तर जागा खालच्या नावाला. आणि गावाच्या कडेला, पंपाच्या अलीकडं, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भरून उभा होता. भांडी, सरपण, कोंबड्या, कोपीचं म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीचं सामान, सगळं चढलेलं. तोही पाचलाच सुटणार होता, पश्चिमेच्या कारखान्याकडं. बटण दाबलं गेलं तर पोरगी वसतिगृहात राहून दहावी करणार. नाही दाबलं गेलं तर पोरगी ट्रॉलीत. हंगाम सहा महिन्यांचा, आणि दहावीची परीक्षा बरोबर त्याच्या पोटात.

"ताई, बसा," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम. असली कामं मी झोपेत करतो."

हे वाक्य माझ्याकडं तयार असतं. त्या दिवशी ते वापरायला नको होतं.

लॅपटॉप उघडला. पडद्यावर सगळं जागच्या जागी. फोल्डर होते, घड्याळ होतं, मागं धबधब्याचा फोटो होता. फक्त तो पांढरा बाण नव्हता. मी टचपॅडवर बोट फिरवलं. मग दोन बोटं. मग तळहात. इतकं घासलं की त्या जागी सहाण असती तर साऱ्या गावाला पुरेल एवढं गंध निघालं असतं.

"काका, बाण कुठाय?" थोरलीनं विचारलं.

"येतोय," मी म्हणालो. जसा काही तो परळीहून एसटीनं निघालाय.

लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याला बंद होऊन चालू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस धर्मापुरीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून, चहा पिऊन परत येतो. आला तसाच आला. घड्याळ, धबधबा, बाण नाही. मग मी कपाटातून माऊस काढला, वायर जोडली. खाली लाल दिवा लागला, पण बाणाचा पत्ता नाही. माऊस डावीकडं नेला, उजवीकडं नेला, दोनदा टेबलावर आपटला. तिसऱ्यांदा आपटताना बाईनं बघितलं, म्हणून हळूच खाली ठेवला.

दुकानात बाण हरवला ही बातमी रस्त्यावर कशी गेली कोण जाणे. पण मी जरा मोठ्यानं "च्यायला" म्हणालो असेन. पहिला गिरणीवाला आला, पांढराफटक, भुवयांवर पीठ.

"काय झालं बे?"

"बाण दिसंना."

"पान्हा दिऊ का?"

"पान्ह्यानं काय करू?"

"खोलून बग की. माजी मोटार बंद पडली की मी आदी खोलतो."

त्याच्या मागं समोरचा मोबाइल दुरुस्तीवाला. त्यानं लांबूनच बघितलं आणि निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागंन. उद्या सकाळी देतो." मग एक निवृत्त गुरुजी, जे माझ्याकडं रोज पेपर वाचायला येतात. ते म्हणाले, व्हायरस आहे, परदेशातून सोडतात. मी म्हणालो, गुरुजी, परदेशातला माणूस सिरसाळ्यातला बाण नेऊन काय करंल? गुरुजी म्हणाले, त्यांचं काही सांगता येत नाही.

 बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. तो काटा सरकताना मी आजवर कधी बघितला नव्हता. त्या दिवशी बैलगाडीच्या चाकासारखा दिसायला लागला.

थोरली पुढं झाली. "काका, शाळेत सरांनी सांगितलंय, टॅबचं बटन दाबलं की बाण नसला तरी पुढं पुढं जाता येतं."

हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला आठवलं नव्हतं एवढंच. मी म्हणालो, "तेच करणार होतो." आणि स्टूल तिच्याकडं सरकवलं.

पोरीनं टॅब दाबत दाबत ब्राउझर उघडला, संकेतस्थळ उघडलं, अर्ज क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला. एकेक बटण दाबताना ती श्वास धरत होती, आणि मागं उभे आम्ही चौघंही. गुरुजींचा तर चेहरा लाल झाला. शेवटचं पान आलं. खाली एक घोषणापत्र, 'वरील माहिती खरी आहे', आणि त्याच्यापुढं बारीक चौकोन. त्या चौकोनात खूण केली तरच शेवटचं बटण जागं होणार. आणि टॅब तिथं थांबेना. निळी चौकट चौकोनाच्या वर यायची आणि टुणकन उडी मारून खाली जायची. दहा वेळा केलं. पोर म्हणाली, "माय, हे काय होईना."

"मोबाइलवर बगा की," गिरणीवाला म्हणाला. बघितलं. मोबाइलवर पान उघडायचं, चौकोनसुद्धा दिसायचा, पण बटण पडद्याच्या पार खाली, बाहेर राहायचं. बोटानं ओढलं की पान वर जायचं आणि परत खाली यायचं.

चार वाजून वीस मिनिटं झाली.

आता एक सांगतो, जे मी तेव्हा सांगितलं नाही. पलीकडच्या गल्लीत असंच दुसरं दुकान आहे. चालत दोन मिनिटं. त्याच्याकडं नवा लॅपटॉप आहे, पंखा नसल्यासारखा गप्प. 'ताई, तिकडं जा' एवढं म्हणायला मला एक सेकंद लागला असता. पण दोन वर्षं मी गावाला सांगत आलोय की त्या माणसाला साधा दाखला काढता येत नाही. जीभ उचलली नाही. मी परत एकदा लॅपटॉप बंद करून चालू केला.

बाईचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, कारण ऊसतोडीचा माणूस फडाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलतो तसाच फोनवर बोलतो.

"झालं का? मुकादम बोंबलायलाय!"

"व्हायलंय."

"कवा?"

"व्हायलंय म्हनलं ना."

तिनं फोन बंद केला, धाकटीला थोरलीच्या कडेवर दिलं, आणि टेबलावरचा माऊस हातात घेतला.

"भाऊ, हे काय करतंय?"

बंद पडलेल्या यंत्राबद्दल माणूस जास्त जोरात बोलतो. मी म्हणालो, "ताई, ह्याला खाली डोळा असतो. ह्यो टेबल बघतो. टेबल जिकडं सरकतं तिकडं ह्यो वरच्या बाणाला सांगतो, चल. एका सेकंदात हजार वेळा बघतो. आपली काय बिशाद!"

"मंग ह्याला दिसंना," ती म्हणाली.

ती माऊस घेऊन दारात गेली, उजेडात उलटा धरला. एक डोळा मिटला. पुढं तिच्या पोरीनं सांगितलं ते इथंच सांगतो: ऊस तोडताना पाचटाचं कुसळ डोळ्यात जातं. टोळीत बारा कोयते, म्हणजे बारा जोड्या नवरा-बायको. त्यात कुणाच्याही डोळ्यात काही गेलं की तो हिच्याकडं येतो. ही पापणी उलटी करते, पदराच्या टोकाची वात करते आणि कुसळ बाहेर. एकदा मुकादमाचं काढलं होतं, तेव्हापासून तो हिच्यावर ओरडताना तोंड दुसरीकडं करतो, असं पोरगी म्हणाली. हे मी वाढवलेलं नाही.

बाईनं माऊसच्या डोळ्यावर तोंडानं वाफ सोडली. पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, पिळून बारीक केलं आणि त्या भोकात घालून फिरवलं. बाहेर काढलं तर टोक लालभडक.

ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग वास घेतला.

"कुंकू हाय हे," ती म्हणाली. "कुनी लावलं?"

गिरणीवाला, मोबाइलवाला आणि गुरुजी, तिघांनी माझ्याकडं बघितलं.

खंडेनवमीला आपल्याकडं कामाची हत्यारं पुजतात. कुणी विळा-खुरपं मांडतं, कुणी पान्हे, ऊसतोडीवाले कोयते. माझं हत्यार लॅपटॉप. दोन दिवसांपूर्वी दुकानातच पाट मांडून त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, माऊस आणि शिक्के ठेवले होते. पूजा बायकोनं केली, पण तोंड माझं चालू होतं. बंद यंत्राची पूजा चालत नाही, हा नियम मी त्याच सकाळी काढला आणि लॅपटॉप चालू करून ठेवला. बायकोनं माऊस पाटावर ठेवला तसा मी म्हणालो, "उलटा ठेव. जीव डोळ्यात असतो, तिथं लाव." तिनं लावलं. सढळ हातानं लावलं. ती कोणतीच गोष्ट कंजूषपणानं करत नाही.

आणि टचपॅडचं काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्यातच अडकून बसाल. ते मला आठवड्यानं परळीच्या दुरुस्तीवाल्याकडून कळलं. त्या जातीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका असतो. त्याच्यावर बोटानं दोनदा टकटक केलं की टचपॅड झोपतो, आणि शेजारी पिवळा दिवा लागतो. आता पूजा करणाऱ्या बाईला यंत्रावर आयता ठिपका दिसला तर ती टिकली लावायला दुसरी जागा कशाला शोधेल? आधी हळद, मग कुंकू. दोन टकटक. पूजा उचलताना मी फडक्यानं सगळं पुसून काढलं, तरी कोपऱ्यात पिवळं दिसतच होतं. मी म्हटलं, हळद राहिलीय. राहू दे, शुभ असते.

दुरुस्तीवाला इतका हसला की त्यानं मला फुकट चहा पाजला.

तर त्या दुपारी बाईनं माऊस परत टेबलावर ठेवला. मी हलवला. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्याही पलीकडं, बाणाचं नुसतं टोक दडून बसलं होतं. तीळभर ठिपका, आम्ही सगळ्यांनी तो माशीचा समजला होता. तिथून तो बाण निघाला आणि पडद्याच्या मधोमध आला. गुरुजींनी टाळी वाजवली. गिरणीवाल्यानं माझ्या पाठीत थाप मारली, शर्टावर पिठाचा पंजा उठला.

चार बेचाळीस. परत पासवर्ड, परत शेवटचं पान. चौकोनात खूण पडली. आणि खाली अक्षरं आली: नोंदणीकृत मोबाइलवर सहा अंकी क्रमांक पाठवला आहे.

"मोबाइल कुणाचा दिलाय?" मी विचारलं.

"बापूचा," पोरगी म्हणाली.

तो मोबाइल ट्रॅक्टरपाशी होता. बाईनं फोन लावायच्या आत मोबाइल स्वतःच आला. नवरा दारात उभा होता. अंगावर नवा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं आत बघितलं. एवढी माणसं बघून त्याचा आवाज खाली आला.

"चला. इंजन चालू करून बसलाय त्यो."

"मोबाइल दाव," बाई म्हणाली. "नंबर आलाय, त्यो सांग."

त्यानं मोबाइल खिशातून काढला. वाचला. पण सांगितला नाही.

"आन् तिकडं हिला कोन बगनार?" त्यानं हनुवटीनं धाकटीकडं दाखवलं. धाकटी थोरलीच्या कडेवर होती, तिच्या वेणीचं टोक चघळत. "सैपाक कोन करनार? तू पाटं चारला फडात."

"मी बगंन."

"कशी बगशीन?"

"बांदाला झोळी बांदीन. हिला बी तशीच वाढिवली ना?" बाईनं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तवा कोन व्हतं मदतीला?"

 पोरगी पडद्याकडंच बघत होती. पडद्यावर त्या क्रमांकाची मुदत उलटी सरकत होती. ती संपली. मी परत मागवला. त्याच्या हातातला मोबाइल टिंगटिंग वाजला.

गिरणीवाला तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"चार," नवरा म्हणाला.

पोरीनं टाकला.

"शून्य. नऊ." मग थांबला. बाहेर हॉर्न वाजला, लांब, दोन वेळा. "नऊ परत. दोन."

पाच अंक झाले. सहावा त्यानं किती वेळ धरून ठेवला ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आता ह्याचं सुरू झालं. घड्याळात बघितलं असतं तर पाऊण मिनिट निघालं असतं.

"आन् सात," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात घातला.

बटण हिरवं झालं. मी माऊसकडं हात नेला तर बाई म्हणाली, "कुठं दाबायचं?" मी स्टुलाच्या बाजूला झालो. तिनं माऊस कोयत्याच्या मुठीसारखा आवळून धरला. बाण भेलकांडत गेला, बटणाच्या वर गेला, खाली गेला, मग एकदाचा त्याच्यावर येऊन बसला. तिनं दाबलं. 'आपला प्रवेश निश्चित झाला आहे.' चार वाजून त्रेपन्न मिनिटं. प्रिंटरनं पावती काढली, तीही कोपऱ्यात जरा लालसर. पूजा त्याचीही झाली होती.

त्या लालसर कागदाकडं बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, पलीकडच्या गल्लीत अजून एक दुकान होतं. मी तुम्हाला आधीच..."

"तितंच गेलतो आदी," ती पावतीची घडी घालत म्हणाली. "कुलूप हाय. सासुरवाडीला गेलाय म्हनं. म्हनून तर तुमच्याकडं आलो."

मी गप्प बसलो. गावात ही माझी दुसरीच वेळ असेल.

ते सगळे ट्रॅक्टरकडं निघाले. मी शटर अर्धं ओढून मागं गेलो; कशाला गेलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिथं गेल्यावर नवी भानगड निघाली. पोरीची पत्र्याची पेटी, पुस्तकं आणि कपडे असलेली, ट्रॉलीच्या अगदी तळाला होती. सकाळी सामान भरताना सगळ्यांत आधी तीच ठेवली होती. पोरगी फडावर येणारच, असं घरातले धरूनच चालले होते.

मुकादम म्हणाला, "पेटी ऱ्हाऊ द्या, पाठवून देऊ मागनं." बाई त्याच्याकडं नुसती बघत राहिली. त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

नवरा चाकावर पाय देऊन वर चढला. सरपणाची मोळी खाली, पाण्याची टाकी खाली, कोंबड्यांची पाटी खाली, मग कोपीचे बांबू, मग पिठाचा डबा. त्याच्या अंगाला सगळीकडं कुसं लागली. एक कोंबडी सुटली, ती गिरणीवाल्यानं पंपापर्यंत पळून धरून आणली. तो पळताना मागं पिठाचा लोट उठत होता, लांबून ट्रक आल्यासारखा. टोळीतले बाकीचे शिव्या देत देत हात लावत होते. शेवटी पेटी निघाली. नवऱ्यानं ती वरून खाली सोडली आणि मी खालून धरली.

मग परत सगळं भरलं. साडेपाच वाजून गेले होते. बाईनं थोरलीच्या कडेवरची धाकटी घेतली. धाकटी वेणी सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. नवरा ट्रॉलीत बसल्यावर पोरीला म्हणाला, "मावशीकडंच जा बरं का आज. सकाळी मास्तर येत्याल वसतिगृहावर सोडाया." पोरगी 'हं' म्हणाली. ट्रॅक्टर गेला. पंपाच्या पुढं वळण आहे, तिथपर्यंत दिसला.

पोरीनं पेटीची कडी धरली. मावशीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी म्हणालो, "आण इकडं, मी पोचवतो."

"ऱ्हाऊ द्या काका," ती म्हणाली. "हलकी हाय."

हलकी नव्हती. मी ती झेलली होती.